एकशे सत्त्याहत्तर

आमच्या गावात बाप्या माणसाची उंची वयाबरोबर वाढत जाते. पंचविशीत 'पाच सहा' असलेला गडी सोसायटीच्या निवडणुकीला उभा राहिला की 'पाच सात' होतो, आणि पोराला बायको शोधायला लागला की 'आमच्या घराण्यात पाच नऊच्या खाली कोणी नाही' असं सांगत फिरतो. बायकांचं उलटं. बाईची उंची सांगताना दोन इंच आधीच कापून ठेवायचे, शिंप्याने कापड कापावं तसे. विचारणाऱ्यालाही हे माहीत असतं, सांगणाऱ्यालाही माहीत असतं, आणि सगळे कसे मान डोलावतात.

मी एकशे सत्त्याहत्तर सेंटीमीटर आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी फुटात विचारायला नको.

लहानपणी मला हा आकडा माहीत नव्हता. मला फक्त 'शिडी' आणि 'लाईटीचा खांब' एवढंच माहीत होतं. शाळेत शेवटचा बाक, फोटोत कडेला, आणि आईचं एकच पालुपद: "वाकून चाल गं सुकन्या, लोक बघत्यात." मी वाकले. दहावीला जाईपर्यंत माझ्या पाठीला असा बाक आला होता की मास्तरांनी एकदा विचारलं, पोटात दुखतंय का. घरात कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. आमची रंगुआत्या, म्हणजे अण्णांची थोरली बहीण, तीही तशीच वाकून चालायची. ती पंधरा-वीस हंगाम ऊसतोडीला जाऊन आलेली. मोळ्या वाहून वाहून रंगुबाई वाकली, असं पाथर्डी तालुक्यातले आमचे सगळे पाहुणे म्हणायचे. मी तर मोळीसुद्धा न उचलता वाकले होते.

मग पोलीस भरती निघाली. आमच्याकडे शिकलेली पोरगी म्हटली की एक तर नर्सिंग नाही तर भरती. मी नगरला गेले. ग्राउंडवर उंचीच्या रांगेत उभी होते, नेहमीसारखी खांदे पाडून. मोजणारी हवालदारीण पन्नाशीची, आवाज लाऊडस्पीकरसारखा. तिने माझ्या दोन खांद्यांच्या मध्ये तळहात ठेवला आणि दाबला.

"ए पोरी, ताठ उभी राहा. टाचा टेकव. मान वर. वर म्हणजे वर!"

जन्मात पहिल्यांदा मला कुणीतरी ताठ उभं राहायला सांगत होतं. मी राहिले. पाठीत काहीतरी कटकन वाजलं. डोक्यावर पट्टी टेकली आणि बाई ओरडली, "एकशे सत्त्याहत्तर!" रांगेतल्या पोरी वळून बघायला लागल्या. कोणी हसलं नाही. माझ्या पुढची पोरगी एकशे चोपन्न भरली होती. बायकांना एकशे पंचावन्न लागतं, म्हणून तिला बाजूला काढलं होतं. ती डोळे पुसत माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, तुझ्यातला एक सेंटीमीटर दे की गं मला." बोलता बोलता ती हसली आणि परत रडायला लागली. मला माझा इतका राग आला होता त्या वेळी! लोक ज्याच्यासाठी रडतात ते मी दहा वर्षं पाठीत दडवून ठेवलं होतं.

लेखी परीक्षेत मी पडले, ते जाऊ द्या. नोकरी मिळाली नाही, पण आकडा घेऊन आले. त्यानंतर मी वाकले नाही.

आता पाथर्डीला एका अकॅडमीत मी भरतीच्या पोरींना शिकवते, आणि सकाळी आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरच्या पोरी आमच्या घरी येतात. ओसरीच्या भिंतीवर मी रंगाने सेंटीमीटरच्या खुणा काढल्या आहेत, एकशे चाळीसपासून एकशे ऐंशीपर्यंत. एकशे पंचावन्नला लाल रेघ. अण्णांनी ओळंबा लावून दिला होता. अण्णा, म्हणजे माझे वडील गहिनीनाथ, बोलतात कमी, पण काम सुतात करतात. पोरी येतात, सांगतात "ताई, मी पाच एक हाय, बसते भरतीत." मी सांगते, बाळा, पाच फूट एक इंच म्हणजे एकशे चोपन्न पूर्णांक चौऱ्याण्णव. नखाच्या जाडीएवढी कमी पडतेस. ग्राउंडवर फूट चालत नाही. मग त्यांना लटकायला लावते, पाठीचे व्यायाम देते, सकाळी माणूस जरा जास्त भरतो हे सांगते. आणि सगळ्यात आधी ताठ उभं राहायला शिकवते. निम्म्या पोरी तिथेच रेघेच्या वर जातात.

तर अशा या माझ्या लग्नाचं रंगुआत्याने मनावर घेतलं. तिने बायोडेटा करून आणला. फोटो बसलेला, पदर डोक्यावर, आणि खाली 'उंची: पाच फूट सहा इंच.'

"आत्या, ही कोन पोरगी?" मी विचारलं.

"तूच की."

"मी एकशे सत्त्याहत्तर हाय. फुटातच पायजेल असंल तर पाच फूट पावनेधा इंच."

"पावनेधा लिवलं तर कुनी दारात गाडी लावायचं न्हाई. आधी येऊ तर दे मानसं. एकदा चहा पिली की मानूस जरा नरम पडतो."

"आन मी उठून उभी राहिल्यावर?"

"उठायचंच कशाला?" आत्या म्हणाली. तिचा सगळा डाव त्यावरच होता.

आत्याच्या डावातून दोन स्थळं आली आणि गेली. एक पोरगा मला बघून मोबाईल बघायला लागला तो घरी जाईपर्यंत बघतच होता. दुसऱ्याच्या बापाने अण्णांना बाजूला घेऊन विचारलं, "पाव्हनं, हिला लहानपनी काही खत-बित घातलं व्हतं का?" लोक हसले. अण्णाही कसनुसं हसले. मला ते फार लागलं. मी हसण्यावारी नेलं असं सगळ्यांना वाटलं, पण ते तसं नव्हतं.

तिसरं स्थळ जामखेडकडचं. अमृत, लाईटीच्या खात्यात वायरमन. सोबत त्याची आई छबूबाई आणि चुलते आप्पासाहेब. वडील नव्हते, त्यामुळे घरात आप्पासाहेबांचा शब्द. आत्याने पाहुणे यायच्या आधीच मला चटईवर बसवून ठेवलं आणि चहा माझ्या चुलतबहिणीच्या, निकिताच्या हाती दिला. सगळं सुरळीत चाललं होतं. शिक्षण झालं, स्वयंपाक झाला, मामाचं कूळ विचारून झालं. मग छबूबाई म्हणाल्या, "जरा उठून चालून दाखव गं बाई."

मी उठले. आप्पासाहेबांच्या हातात बशी होती, ती तशीच तोंडाजवळ राहिली. त्यांची मान वर, वर, वर. शेवटी ते बशीसकट म्हणाले, "अजून किती?"

"झालं एवढंच," मी म्हणाले.

अमृत हसला. तोंड दाबून नाही, मोकळा हसला, आणि मला नाही, चुलत्याला हसला.

मग रीतीप्रमाणे आम्हाला ओसरीवर बोलायला पाठवलं. त्याला मी माझं शाळेतलं नाव सांगून टाकलं, म्हटलं आधीच कानावर असू दे. लाईटीचा खांब. तो म्हणाला, "मंग बरंय की. माझा रोजचा संबंध खांबाशीच हाय." बोलताना तो माझ्याकडे वर बघत होता आणि मागे सरकत नव्हता. बाकीचे सरकायचे. मला तो आवडला. आवडला म्हणजे आवडलाच, त्यात आढेवेढे कशाला.

त्याने भिंतीवरच्या खुणा बघितल्या. "नेमकी किती?" त्याने विचारलं.

"एकशे सत्त्याहत्तर. तुमी?"

"पाच आठ," तो म्हणाला. आणि भिंतीपासून हातभर लांब जाऊन उभा राहिला.

रोज पोरी मोजून माझी नजर तयार झाली आहे. तो अडुसष्टच्या पुढे नव्हता. एकशे अडुसष्ट म्हणजे पाच सहा, त्यात वरचे दोन इंच गावचे. ते मी सोडून दिलं. पण ते हातभर अंतर माझ्या डोक्यात राहिलं.

दोन दिवसांनी होकार आला. कसा आला ते मला नंतर कळलं: अमृत घरी अडून बसला होता, करीन तर हीच. मी फोनवर त्याच्याशी बोलायला लागले. तो खांबावरून फोन करायचा, "आत्ता तुझ्यापरीस उंच हाय बघ," म्हणायचा. दिवस चांगले चालले होते.

लग्न पंधरवड्यावर आलं तेव्हा छबूबाई आणि आप्पासाहेब पुन्हा आले. मानपान, कपडे, वाजंत्री, सगळं ठरलं. जाता जाता आप्पासाहेब उठून भिंतीला टेकले आणि खाकरले. डोक्याच्या बरोबर मागे माझी एकशे पासष्टची खूण होती. घराण्यात पाच नऊच्या खाली कोणी नाही, असं हेही पहिल्या भेटीत सांगून गेले होते.

"एक बारीकशी गोष्ट हाय," ते म्हणाले. "स्टेजवर नवऱ्याला दोन पाट ठिवायचे, एकावर एक. नवरीला पाट नगं. आन मंगलाष्टकाला तिनं जरा गुडघे मुडपून उभं राहावं. पाचशे लोकं येनार, पंचायत समितीची मानसं येनार. पोरगा पोरीच्या खाली दिसला तर आमाला बोलायला जागा न्हाई."

छबूबाई म्हणाल्या, "शालूत कुनाला दिसतंय? फोटोपुरतं. आन पुढं चपला सपाट घालायच्या, बास."

मी अण्णांकडे बघितलं. अण्णा जमिनीकडे बघत होते. मी तोंड उघडायच्या आत रंगुआत्या म्हणाली, "वाकंल की. त्यात काय एवढं. बाईच्या जातीला वाकायला काय शिकवावं लागतं व्हय?"

पाहुणे गेल्यावर आत्याने मला मधल्या घरात नेलं, साडी नेसवली आणि शिकवायला लागली. गुडघे थोडे पुढे, कंबर मागे, खांदे सैल. तिला ते इतकं सफाईने येत होतं की मी बघतच राहिले. "आसं. दम धरायचा. सवय झाली की दुखत न्हाई," ती म्हणाली.

मी साडी फेडली, बाहेर आले आणि अमृतला फोन लावला.

"तुमाला म्हाईत व्हतं का हे पाटांचं?"

तो म्हणाला, "आप्पांच्या म्होरं कोन बोलनार? पाच मिन्टाचा तर प्रश्न हाय, सुकन्या."

"पाच मिन्टं वाकले की त्यांना कळनार, ही वाकती. मंग रोज वाकायला लावतील."

"तू लईच ताणती."

"मी ताणत न्हाई. मी हाय तेवढी उभी राहती. पाट दोन ठिवा न्हाईतर चार ठिवा, मी गुडघे मुडपनार न्हाई."

"बघू," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

त्या 'बघू'वर मी रडले. रागाने रडले. आईला वाटलं मी लग्न मोडणार, आणि ती देवाला हात जोडायला लागली. मोडायचंच असतं तर एका फोनचं काम होतं. पण मला दोन्ही पाहिजे होतं. मला अमृत पाहिजे होता, आणि माझी पाठ सरळ पाहिजे होती. यातलं एक घे, एक सोड, असं मला अख्ख्या जगाने सांगितलं तरी मी ऐकणार नव्हते. लहानपणापासून एवढी वर्षं मी वाकण्यात घालवली होती, माझा कोटा संपला होता. एकच गोष्ट मी मनाशी नक्की केली: स्टेजवर त्याने 'वाक' म्हटलं, तर हार तिथेच ठेवून उतरायचं.

लग्न पाथर्डीच्या बाहेर एका मंगल कार्यालयात होतं. अकॅडमीतल्या माझ्या पोरी सगळ्या आल्या होत्या, साड्या नेसून. पण उभ्या अशा ताठ, जसं काही आता शिट्टी वाजणार आणि आठशे मीटर पळायचं आहे. मामाने मला स्टेजवर आणलं. समोर अमृत दोन पाटांवर उभा, फेटा बांधून. वरचा पाट जरा डगमगत होता. दोन पाटांनी तो बरोबर माझ्याएवढा झाला होता. मी त्यांनी सांगितल्याप्रमाणे गुडघे मुडपले असते तर चार बोटं वर दिसला असता. माझ्या पायाखाली नुसती सतरंजी. मामाच्या शेजारी, माझ्या पाठीशी रंगुआत्या.

दोघांनी अंतरपाट धरला. एका बाजूला अमृतचा मावसभाऊ रविराज, दुसऱ्या बाजूला कुणीतरी आप्पासाहेबांच्या मापाचा पाहुणा. कापडाची वरची कड माझ्या हनुवटीला आली. मला पलीकडचा अमृत सरळ दिसत होता, त्याला मी.

गुरुजी म्हणाले, "अंतरपाट वर घ्या." दोघांनी हात ताणले. कापड मधोमध झोळलं, कड नाकापर्यंतच आली. पाहुण्याचे हात त्याच्या वर पोचेनात. गुरुजींनी माझ्याकडे बघितलं आणि माईकवर म्हणाले, "नवरीनं जरा खाली यावं."

मांडव हसला. पाचशे माणसं हसली. शाळेतलं, रस्त्यावरचं, एसटीतलं सगळं हसू मला ओळखीचं होतं, पण हे एकदम अंगावर आलं. कान तापले. पाठीवर आत्याचा हात पडला. "वाक गं, वाक," ती कुजबुजली आणि खांदा खाली दाबायला लागली. ऊस तोडलेला हात, जोर काय कमी होता? माझा खांदा खाली गेलासुद्धा, जुन्या सवयीने. आणि त्याच जागी, दोन खांद्यांच्या मध्ये, मला हवालदारणीचा तळहात आठवला.

"आत्या, हात काढ," मी म्हणाले.

गुरुजींचा माईक जवळच होता. सगळ्या कार्यालयाने ऐकलं.

"मी एकशे सत्त्याहत्तर सेंटीमीटर हाय," मी म्हणाले. आता लपवण्यात अर्थ नव्हता, म्हणून मोठ्याने म्हणाले. "अंतरपाट वर करा. मला खाली करू नका."

वाजंत्रीवाल्यांनी सनई तोंडातून काढली. आप्पासाहेब पुढे आले. "ही काय भरती लागली हाय का हितं?"

"व्हय!" मागून माझ्या पोरींपैकी कुणीतरी ओरडली. कोण ते अजून कुणी कबूल केलेलं नाही.

"अमृत, बघ बाबा," छबूबाई म्हणाल्या. "अक्षता पडायच्या आधीच आयकंना झाली. सांग तिला. आत्ताच सांग, न्हाईतर जल्मभर मान वर करून बघशील."

सगळे अमृतकडे बघायला लागले. मीही कापडाच्या वरून त्याच्याकडेच बघत होते. त्याचा चेहरा उतरला होता, फेट्याखाली घाम. त्याने आईकडे बघितलं, चुलत्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझे दोन्ही हात हाराला घट्ट. म्हटलं, म्हण आता. वाक म्हण, नाही तर काहीतरी दुसरं म्हण, पण 'बघू' म्हणू नकोस.

तो एक पाट उतरला. मग दुसरा. त्याचे डोळे कापडाच्या मागे गेले, नुसता फेटा दिसत राहिला. मला त्याचा चेहरा दिसेना. फक्त आवाज आला, "गुरुजी, तो माईक द्या जरा हिकडं."

माईक खरखरला.

"मी एकशे अडुसष्ट," अमृतचा आवाज आला. "पाच आठ न्हाई. मीबी भरतीला गेल्तो, तवा मोजलंय. एकशे अडुसष्ट. पाट काढा हे."

कुणी हसलं नाही. मला वाटतं लोकांना हसायचं होतं, पण कुणाला हसायचं ते समजेना. मांडवात बसलेल्या पाच आठ आणि पाच नऊवाल्या सगळ्यांना एकदम आपापले पाय बघावेसे वाटले असावेत. आप्पासाहेब म्हणाले, "आरं येडा का खुळा तू?" आणि तेवढ्यावर थांबले, कारण माईक अजून अमृतच्याच हातात होता.

मार्ग काढला तो गुरुजींनी. त्यांना पुढे अजून एक लग्न लावायला शेवगावला जायचं होतं. "ते पाट इकडे द्या," ते म्हणाले. एक पाट रविराजच्या पायाखाली सरकवला, दुसरा त्या पाहुण्याच्या. दोघे चढले, अंतरपाट वर गेला, माझ्या डोळ्यांच्याही वर गेला, आणि मंगलाष्टका सुरू झाल्या. मी ताठ उभी होते. पाठीवर आत्याचा हात नव्हता.

अंतरपाट निघाला. अमृतच्या मित्रांनी त्याला रीतीप्रमाणे उचलायची तयारी केली होती, तर तोच म्हणाला, "नगं रे." मी हार घातला, फारसे हात न उंचावता. मग त्याची पाळी. तो हार घेऊन पुढे आला, वर बघितलं, वाट बघितली. मी मान झुकवली नाही. त्याने टाचा उचलल्या आणि घातला. भरतीत टाचा उचलल्या की माणूस बाद होतो. मी याला बाद केलं नाही.

सासूबाई पुढे कितीतरी दिवस माझ्याशी कामापुरतं बोलत होत्या. आप्पासाहेब अजून बोलत नाहीत, त्यावाचून आमचं काही अडलेलं नाही. मी जामखेडला घराच्या भिंतीवर नव्या खुणा काढल्या, ओळंबा धरायला अमृत होता.

पहिल्या माहेरपणाला मी घरी आले तेव्हा रंगुआत्या यजमानांना घेऊन आलेली होती. आत्याचे मालक बसके, जाडसर. ओसरीवर बसून तंबाखू मळत होते. मला बघून आत्याने पाणी दिलं, पण लग्नाचा विषय काढला नाही. मीही काढला नाही. तिच्या त्या हाताचा राग माझ्या मनातून गेला नव्हता.

सकाळच्या पोरी मोजून गेल्या. आत्या कोपऱ्यात उभी राहून बघत होती. शेवटची पोरगी गेल्यावर ती भिंतीजवळ आली आणि त्या रेघांवर बोट फिरवायला लागली.

"माझी किती भरंल गं?"

"उभी राहा."

ती उभी राहिली, तशीच, वाकलेली. मी म्हणाले, "आत्या, ऊसतोडीनं तुझी पाठ गेली. आता सरळ व्हायची न्हाई बहुतेक."

"उसानं?" आत्या म्हणाली. "येडी का काय तू? मोळी डोक्यावर असली की मान ताठच ठिवावी लागती. वाकलं की मोळी पडती." तिने मालकांकडे न बघता हनुवटी तिकडे केली. "ह्यांच्या आईनं सांगितलं व्हतं, लग्नाच्या दिवशी. मोळी उतरवली की मी वाकायची. उसाच्या फडात गाडी भरताना तेवढी सरळ असायची मी. तेवढंच."

सफाईने गुडघे मुडपून दाखवणारी आत्या आठवली. सवय झाली की दुखत नाही, म्हणाली होती. मी तिच्या दोन खांद्यांच्या मध्ये तळहात ठेवला आणि दाबला.

"ताठ उभी राहा, आत्या. टाचा टेकव. मान वर. वर म्हणजे वर."

तिला वेळ लागला. पाठ कुरकुरली, तिने दात आवळले, आणि थोडी थोडी करत ती भिंतीला लागली. मी डोक्यावर पट्टी टेकवली. रोज पोरींना सांगते तसाच आकडा मोठ्याने सांगितला.

"एकशे एकोणसत्तर. जावयापरीस एक जास्त."

"एकशे एकोणसत्तर," आत्या म्हणाली. मग जरा मोठ्याने, ओसरीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असं, "आयकलं का? एकशे एकोणसत्तर हाय मी."

मालकांनी तंबाखू तोंडात टाकली. "आसंल," ते म्हणाले. "मी पाच सात हाय."

आत्या भिंतीपासून हलली नाही. मान वरच होती.

"उठा," ती म्हणाली. "हितं येऊन भिंतीला टेका."